मंगलआत्याची झडप आणि बसलेले देव

माझ्या बाबांनी साताऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय की संयोगिता सांगलीला ‘हार्टचं बघते’. हे खोटं नाही, पण खरंही नाही. हार्टचं डॉक्टर बघतात. मी एका हॉस्पिटलच्या हृदयविभागात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते आणि हृदयाच्या झडपांवर जे जे उपचार होतात त्यांच्या नोंदी संगणकात भरते. या नोंदणीला सगळे रजिस्ट्री म्हणतात. ठिकठिकाणची हॉस्पिटलं तिच्यात भर घालत असतात, आणि त्यावरून कुठल्या बनावटीची झडप कुणाला किती वर्षं पुरते हे पुढं कळतं. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, त्यामुळे मला या कामात जे पावित्र्य दिसतं ते इतरांना दिसत नाही. आमच्या साताऱ्यातल्या घराशेजारचे निवृत्त सुभेदार लालासाहेबकाका हा एकच अपवाद. मी नुसती नोंद करते हे कळल्यावर गल्लीतल्या बाकीच्यांचे चेहरे पडले, पण काका म्हणाले, “नोंद हीच खरी चीज हाय पोरी. फौजेत गोळी लागली तरी नोंद हुईस्तवर जखम मानत न्हाईत.”

गेल्या भाद्रपदात मी एक छोटंसं काम अंगावर घेतलं.

आमच्या रजिस्ट्रीला एक जुनं दुखणं होतं. बसवलेली झडप काही वर्षांनी झिजते आणि तोच माणूस पुन्हा उपचाराला येतो. माझ्या आधी या टेबलाशी बसणारे गृहस्थ स्वभावानं उदार होते. पुन्हा आलेल्या माणसाची ते कोरी करकरीत नवी नोंद करत. त्यामुळे मिरजेचे एक निवृत्त शिक्षक रजिस्ट्रीच्या मते दोन वेगळे गृहस्थ होते. नाव एक, गल्ली एक, आणि एकमेकांशी ओळख नाही. पहिल्याचं पुढं काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं, दुसऱ्याला पूर्वी काही झालं होतं याचा तिला पत्ता नव्हता. माझ्या शास्त्रीय मनाला हे सहन होईना. आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर रविराज यांना मी सांगितलं की हे सगळे ‘पुन्हा झालेले’ उपचार मी मूळ माणसाला जोडून टाकते. सर म्हणाले, जोडा. त्यांच्या आवाजात मला आदर जाणवला. आता वाटतं, त्यांचा चहा गार होत होता.

आणि त्याच आठवड्यात माझी मंगलआत्या दाखल झाली.

मंगलआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान बाळासो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता इस्लामपुरात निवृत्तीचे दिवस काढतात. आम्ही भाचरं त्यांना मामाच म्हणतो. पंधराएक वर्षांपूर्वी साताऱ्यात आत्याची छाती उघडून झडप बसवली होती. ती आता कुरकुरायला लागली होती. आत्याला आडवं झोपता येईना, उशा रचून बसल्या बसल्या डोळा लावायची. या वेळी छाती उघडायची नव्हती. पायातल्या रक्तवाहिनीतून नवी झडप वर न्यायची आणि जुन्या झडपेच्या आत बसवायची, असं ठरलं. पुण्याहून त्यातले जाणकार डॉक्टर यायचे होते. त्यांना मिळालेली तारीख नवरात्रातल्या अष्टमीची होती.

अडचण एकच. जुनी झडप कुठल्या बनावटीची आणि कुठल्या नंबरची, हे कुणालाच माहीत नव्हतं. चपलेसारखे झडपेलाही नंबर असतात. नवी झडप जुनीच्या आत बसायची, म्हणजे जुनीचा नंबर चुकला की नवी एक तर घट्ट होणार, नाही तर निसटणार. रविराज सर सीटी स्कॅन उजेडाला धरून म्हणाले, “एकवीस असावी. तेवीसही असू शकते. मंगलताई, ‘असावी’च्या भरवशावर मी झडप बसवत नाही.” अगदीच नाही मिळालं तर बसवणार होते, पण त्यांच्या कपाळाला जी आठी पडली ती मला आवडली नाही.

रजिस्ट्रीलाही ‘असावी’ चालत नव्हतं. आत्याची नोंद भरायला बसले. ‘पूर्वी उपचार झाला आहे का?’ याला हो म्हटलं की एक नवं पान उघडतं आणि त्यात जुन्या झडपेबद्दलचे प्रश्न लाल चांदणी लावून उभे असतात. चांदणीला उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नाही म्हटलं, तर आत्या पहिलटकरीण ठरते, म्हणजे ज्या पापाविरुद्ध मी मोहीम काढली होती तेच माझ्या हातून, आणि तेही घरच्याच माणसाच्या बाबतीत. मी मदतकक्षाला फोन लावला. तिकडच्या गृहस्थांनी हिंदीत, अतिशय शांतपणे, ‘माहीत नाही’ निवडायला सांगितलं. ते निवडलं तर ‘का माहीत नाही’ असं आणखी एक पान उघडलं. पुन्हा फोन लावला. त्यांनी माझी तक्रार नोंदवून तिला क्रमांक दिला आणि तो जपून ठेवायला सांगितलं. तो मी अजून जपून ठेवलाय. दुसरं काही मिळालं नाही.

तेव्हा नंबर शोधणं आलं. आत्याला विचारलं, जुने कागद आहेत का. ती म्हणाली, नदीकाठच्या घरात होते, एकोणीसच्या पुरात गेले. मामांनी त्यात भर घातली की फाईल चांगली जाड होती, जाताना बराच वेळ तरंगत होती. राहिलं साताऱ्याचं हॉस्पिटल. ते एका विश्वस्त संस्थेचं होतं आणि कधीच बंद पडलंय. तिथं आता सभागृह आहे. पण इमारत तीच आहे म्हटल्यावर कुठल्यातरी कपाटात काहीतरी असेल, असं माझ्या मनानं घेतलं. शास्त्र शिकलेल्या माणसाचा कपाटांवर फार विश्वास असतो.

शनिवारी साताऱ्याला गेले. बाबा गल्लीत सांगून बसले होते, त्यामुळे सल्ला द्यायला माणसं तयारच होती. कुणी म्हणालं माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, कुणी म्हणालं आमदारांच्या पीएला सांग. समोरच्या काकूंनी तर झडप काढून नंबर बघायचा आणि पुन्हा बसवायचा, असं सुचवलं. लालासाहेबकाका मात्र घरात गेले आणि ब्लेझर, त्यावर पदकं, डोक्यावर टोपी अशा तयारीनं बाहेर आले. सिव्हिलियन लोक साध्या वेशातल्या माणसाला कपाट उघडून देत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

सभागृहाच्या दारात मांडव होता. पितृपंधरवडा असल्यानं लग्नं नव्हती, पण निवृत्तीला पंचांग आडवं येत नाही. कुण्या मुख्याध्यापकांचा सेवापूर्ती समारंभ चालला होता. काकांची पदकं बघताच दोन स्वयंसेवकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि थेट व्यासपीठावर नेऊन बसवलं. मी मागून हातवारे करत होते. काकांनी माझ्याकडं बघून, सगळं काबूत आहे, अशी मान हलवली. त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि मग दोन शब्द बोलायची विनंती झाली. काका सियाचीनपासून सुरू झाले. बर्फ, विरळ हवा, धाप, धाप लागणारी माणसं, अशा मार्गानं ते आत्याच्या झडपेपर्यंत आले आणि म्हणाले, या जागेत पूर्वी ज्यांचं ज्यांचं ऑपरेशन झालं असेल त्यांनी हात वर करावेत. दोन हात वर आले. एक अपेंडिक्सचा आणि एक मोतीबिंदूचा. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

मी तेवढ्यात व्यवस्थापकांना गाठलं. त्यांनी आधी तारीख कुठली धरलीय आणि जेवणाची पानं किती होतील ते विचारलं. माझं काम कळल्यावर ते खरोखर हळहळले. संस्थेनं जागा सोडली तेव्हा कागद रद्दीत गेले होते. हवं तर आतून बघून या, म्हणाले.

म्हणून मी एकटीच आत गेले, आणि त्या लांबट बोळात पाऊल टाकल्याबरोबर लहान झाले. भिंतींना गुलाबी रंग आला होता, अतिदक्षता विभागाच्या दारावर ‘वधूपक्ष’ अशी पाटी होती, पण खिडकीखालचा दगडी कट्टा तोच होता. आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी प्राथमिक शाळेत होते. शाळा सुटली की बाबा मला इथं घेऊन यायचे. त्या कट्ट्यावर आत्याच्या सासूबाई, मनुबाई, मांडी घालून बसलेल्या असायच्या. सून दवाखान्यात म्हणून त्या आत्याच्या घरून आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या आणि घरी पूजेला कुणी नाही म्हणून देवच बरोबर घेऊन आल्या होत्या. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, हाताच्या तळव्याएवढे. लाल फडक्यात बांधून मांडीवर ठेवलेले. मला राजगिऱ्याचा लाडू द्यायच्या आणि फडकं सोडून एकेक देव ओळखायला लावायच्या. घोड्यावरचा खंडोबा. हा जोतिबा, ही आई, हा आपला वीर. मी चुकले की म्हणायच्या, “आगं, त्येला राग न्हाई याचा. पर आपलं माणूस आपल्याला वळखू आलं पायजे.” डेटॉल आणि अष्टगंधाचा तो मिसळलेला वास मला अजूनही दोन वेगळे वास म्हणून आठवत नाही. मी कट्ट्यावर जरा बसले. शेजारी कुणीतरी आचाऱ्याची मोठी परात धुऊन उपडी घातली होती.

संध्याकाळी घरून आत्याला फोन केला. कपाट मिळालं नाही, पण कट्टा आहे, असं सांगितलं. आत्या दम घेत घेत हसली. म्हणाली, सासूबाई तिथंच देव मांडून बसायच्या की गं, डॉक्टर दचकायचे. आणि मग अगदी सहज, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं, म्हणाली की कार्ड पण तिथंच देवात ठेवलेलं.

मी विचारलं, कुठलं कार्ड.

“झडपेचं. डाक्टरानं दिल्यालं. ते देवात हाय की.”

झडप बसवली की तिचा नंबर, बनावट सगळं लिहिलेलं एक प्लास्टिकचं कार्ड रुग्णाला देतात. आम्हीही देतो. मी जितक्या शांतपणे विचारता येईल तितक्या शांतपणे विचारलं, आत्या, मग हे आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, “तू कागद इचारलास. कागद पुरात गेलं. देव म्हंजी कागद हाय व्हय?”

फोन ठेवल्यावर मला ते आठवलं. हिरव्या कपड्यातला डॉक्टर बाहेर आला होता आणि म्हणाला होता, हे जिवापाड जपा. मनुबाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं, कपाळाला लावलं, फडकं सोडलं आणि खंडोबा आणि जोतिबाच्या मध्ये सरकवलं. घरातली सगळ्यात जपणुकीची जागा तीच. मी लाडू खात समोर उभी होते.

आता देव कुठं होते? मनुबाई जिथं राहत तिथं देव असत, म्हणजे बराच काळ आत्याकडं. त्या गेल्यावर रीतीप्रमाणं ते थोरल्याकडं गेले. थोरले दीर नानासो कोरेगावच्या बाजूला गावाकडच्या घरी असतात. ते आले, टाकांची पेटी उचलली आणि घेऊन गेले. कार्डासकट. पूर आला तेव्हा देव वाचले ते असे. पण आत्याच्या मनात ते राहून गेलं. तिचं म्हणणं, माझा जीव उचलून नेला आणि मला विचारलंसुद्धा नाही. मामांचं म्हणणं, तू मागायचं होतंस. थोरल्या जावेचं, रंगूबाईंचं, काय म्हणणं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. लग्नकार्यात समोरासमोर आल्या तर मधल्या माणसाला सांगायच्या, यांना भात वाढा.

म्हणजे फोन करून कार्डाचा फोटो मागवणं जमणार नव्हतं. नानासो फोन उचलत नाहीत आणि उचलला तर बातम्यांच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. मी सोमवारी रजा टाकली आणि काकांबरोबर निघाले. घट बसून एक दिवस झाला होता. या गोष्टीचं महत्त्व मला तेव्हा कळलं असतं तर मी शनिवारी रात्रीच धावत गेले असते.

नानासो पुढच्या सोप्यात टीव्हीपुढं बसले होते. काकांनी खाडकन टाच जुळवली आणि आमच्या मोहिमेचा अहवाल दिला. नानासोंनी टीव्ही बंद न करता आत बघून रंगूबाईंना हाक मारली. रंगूकाकी बाहेर आल्या. नवरात्राचा उपास, पायात काही नाही. मी मंगलआत्याची भाची म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला आणि विचारायच्या आधीच मला देवापुढं नेलं.

घट मांडला होता, नंदादीप तेवत होता. टाक विड्याच्या पानांवर ओळीनं बसवलेले, वरून झेंडूच्या माळा सोडलेल्या. मी कार्ड शोधत होते. कार्ड कुठंच नव्हतं. खंडोबा आणि जोतिबाच्या मध्ये एक चांदीचा टाक होता, बाकीच्यांपेक्षा नवा. तोच तो, असं रंगूकाकींनी बोटानं दाखवलं.

झालं होतं असं. देव या घरात आले तेव्हा त्यांच्यात हा एक पांढरा, पातळ, घोडा नसलेला देव निघाला. कुणाचा काय, काकींना ठाऊक नव्हतं. पण सासूबाई त्याला मानत होत्या, म्हणजे तो मंगलचा देव, एवढं पक्कं. रोज पाणी, हळदकुंकू, सोमवारी दूध. बाकीच्या देवांना जे जे, ते ते त्याला. पुढं त्याची अक्षरं फिकी पडायला लागली. पालीच्या खंडोबाच्या यात्रेआधी टाक उजळायला दिले तेव्हा केरबा सोनार म्हणाला की हा काही उजळायचा नाही, हा झिजलाय, याच्याबरहुकूम नवा करून घ्या. जुना टाक झिजला की नवा करून जुना नदीत सोडायचा, ही इकडची रीतच आहे. त्याप्रमाणं कार्ड माहुलीच्या संगमावर कृष्णेत गेलं.

मी हळूच विचारलं, चांदी कुणी दिली. काकी पदर सारखा करत म्हणाल्या, “माझी जुनी जोडवी व्हती. पडूनच व्हती नव्हं.”

म्हणजे सात-आठ वर्षं ज्या बाईशी ही बाई बोलत नव्हती, तिच्या झडपेच्या कार्डाला ती रोज आंघोळ घालत होती. रजिस्ट्रीत यासाठी रकाना नाही.

केरबानं बरहुकूम म्हणजे नेमकं काय केलं, नंबर उठवला का, हे बघायचं होतं. पण टाकाचा खालचा अर्धा भाग माळेनं झाकला होता. मी हात पुढं केला तसा काकींनी माझा हात वरच्या वर धरला. घट बसले की देव बसले. दसऱ्यापर्यंत त्यांना हलवायचं नाही, आंघोळ नाही, हात नाही. मी सांगून बघितलं की अष्टमीला उपचार आहे आणि दसरा त्याच्या नंतर येतो. काकी म्हणाल्या, व्हय, दरसाल तसाच येतो.

मग गाव गोळा झालं. काकांनी पालथं पडून टॉर्चच्या उजेडात टेहळणी केली आणि टार्गेट दिसतंय पण नंबर झाकलेला आहे, असा अहवाल दिला. मी मोबाईलवर जवळून फोटो काढले, त्यात झेंडू अत्यंत स्पष्ट आले. नानासोंनी गुरवाला फोन लावला. गुरव दुसऱ्या गावात होता, पण दसऱ्यापर्यंत नको, असं त्यानं न विचारताच सांगितलं. एका आजोबांनी देवाला कौल लावायला सुचवलं. त्याप्रमाणं टाकांच्या वरच्या काठाला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर बघायचं, डावी पडली तर नाही. दोन्ही चिकटून राहिल्या. पंखा लावावा का, यावर थोडा वाद झाला, पण नंदादीप विझेल म्हणून तोही प्रश्न मिटला. एक मास्तर मला समजावत होते की एकवीस आणि तेवीसची सरासरी बावीस येते, तीच घ्यावी. मी संख्याशास्त्राची पदवीधर. मी खाली बसले.

हसू येत होतं आणि येतही नव्हतं. उशांना टेकून बसलेली आत्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. मी काकींना शास्त्र सांगायचं थांबवलं. त्यांनी बाकी सगळ्यांना बाहेर काढलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. नंदादीपात तेल घातलं.

“मंगलला झोप लागती का?”

मी सांगितलं, आडवं होता येत नाही. बसूनच असते. मामा पाठीशी उशा लावतात, त्या घसरतात.

काकी उठल्या. मोरीत जाऊन हातपाय धुऊन आल्या. देवापुढं नारळ ठेवला, काहीतरी पुटपुटल्या आणि मला म्हणाल्या, “देव हलवू नी असं हाय. माळंचं कुणी काय सांगिटल्यालं न्हाई.” आणि दोन बोटांनी त्यांनी माळ अलगद वर उचलून धरली. “बघ पोरी. काय हाय ते लिवून घे. हात लावू नगं.”

केरबा सोनाराला इंग्रजी येत नाही, आणि देवाच्या अंगावरचं काय गाळायचं हे ठरवायचा अधिकार आपल्याला आहे असं त्याला वाटलं नाही. त्यानं सगळंच उठवलं होतं. प्रत्येक टाकावर असतात तसे चंद्र-सूर्य पदरचे घातले होते. कोपऱ्यातलं कंपनीचं बदामाच्या आकाराचं चिन्ह त्याला विड्याचं पान वाटलं असावं, त्याला देठ होता. यंत्रानं वाचायच्या काळ्या रेघांच्या त्यानं देवळाच्या पायऱ्या केल्या होत्या. पण बनावटीची अक्षरं जशीच्या तशी होती, एक उलटं सोडून. आणि खाली, हळदीत बसलेला, नाकीडोळी चांगला ठसठशीत असा तेवीस.

माझ्या मोबाईलवर त्या दिवशी आलेला तो एकच चांगला फोटो. त्यात वरती काकींची दोन बोटं आहेत.

निघताना काकी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, मंगलला सांग... आणि थांबल्या. “ऱ्हाऊ दे. मीच सांगीन.”

रविराज सरांनी फोटो आधी आडवा धरला, मग उभा. हे काय आहे, विचारलं. मी म्हटलं, टाक आहे सर. त्यांनी बनावटीची अक्षरं वाचली, सीटी पुन्हा लावला, त्या बनावटीची तेवीस आतून किती भरते ते तक्त्यात बघितलं आणि मापं जुळली. मग त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून देवळाच्या पायऱ्या मोजल्या. शेवटी म्हणाले, “आपल्या वॉर्डातल्या नोंदी इतक्या नीट वाचता येत नाहीत हो.” ही टीका कुणावर होती ते मी विचारलं नाही.

अष्टमीला नवी झडप जुनीच्या आत बसली. त्या रात्री आत्या आडवी झोपली. मामा म्हणाले, घोरली.

मी लाल चांदण्या भरल्या. ‘माहितीचा स्रोत’ या प्रश्नाला कार्ड, डिस्चार्जचा कागद, शस्त्रक्रियेची टिपणी आणि इतर, असे पर्याय होते. ‘इतर’ निवडल्यावर ‘स्पष्ट करा’ आलं. मी स्पष्ट केलं. दोन दिवसांनी मदतकक्षातले तेच शांत गृहस्थ स्वतःहून फोनवर आले आणि चित्र पाठवायला सांगितलं. मी पाठवलं. त्यांनी ते फोन चालू ठेवूनच उघडलं. मग म्हणाले की माळ दिसते आहे, पण नंबरही दिसतो आहे, तेव्हा स्वीकारतो. आणि खालच्या आवाजात विचारलं, ये कौन से भगवान हैं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याला घरी सोडायचं होतं. मी तिला नव्या झडपेचं नवं कार्ड दिलं. त्याचे फोटो काढले होते, झेरॉक्स काढल्या होत्या, आणि हे कार्ड पाकिटात ठेवायचं, देवात नाही, यावर एक छोटं भाषणही तयार केलं होतं. ते सुरू करणार तेवढ्यात दारात रंगूकाकी उभ्या राहिल्या. मागं नानासो. काकींच्या हातात आपट्याची पानं होती.

त्या आत आल्या आणि आत्याच्या हातात सोनं ठेवलं. आत्यानं खाली वाकायला बघितलं, काकींनी खांद्याला धरून तिला परत बसवलं. मामा खिडकीतून पार्किंग बघायला लागले. मग काकींची नजर पांघरुणावरच्या कार्डावर गेली. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि माझ्याकडं वळल्या.

“पोरी, तू शिकल्याली हाइस. ह्यो नवा देव म्हणायचा, का त्योच?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. महिनाभर मी याच प्रश्नासाठी रजिस्ट्रीशी भांडत होते आणि इतक्या सरळ शब्दांत तो मला कुणी विचारला नव्हता. मनुबाईंनी कट्ट्यावर विचारावं तसंच वाटलं.

“त्योच, काकी,” मी म्हटलं. “पुन्हा आलाय. जुन्याच्या आतच बसलाय.”

काकींनी मान हलवली. मग निराळं पान नको, म्हणाल्या, एकाच पानावर दोघं बसतील. आणि कमरेचं लाल फडकं काढून त्यात त्यांनी कार्ड गुंडाळलं. माझं भाषण राहिलं ते राहिलंच. झेरॉक्स होत्या म्हणा.

तेव्हा आत्या बोलली. इतक्या वर्षांनी, मधल्या माणसाशी नाही, सरळ जावेशी.

“आक्का, केरबाकडं जाताना मला घिऊन चला. ह्या बारीला चांदी माझी.”